कळ, खाडा आणि गोळी

(भिंगार इथं तरुण-तरुणींच्या मेळाव्यात केलेलं भाषण. बोललं तसंच छापलं आहे.)



मघाशी एका पोरानं मला विचारलं, "ताई, फळ्यावर विषय काय लिहू?" मी म्हटलं, "पाळी." पोरगा खडू धरून उभाच. म्हणाला, "'स्त्रियांचे आरोग्य' लिहितो ना." मी म्हटलं, "नको रे बाबा. पाळी लिही. पाळीत पोटात उठणारी कळ, त्या कळेवर घेतलेली गोळी आणि त्या गोळीची लागलेली सवय." त्यानं खडू खाली ठेवला. बघा, फळा अजून कोराच आहे.

मी त्याला दोष देत नाही. पोलिसाच्या काठीला न भिणारी पोरं आपली. पण हा शब्द आला की माना खाली. कारण आपल्यालाही घरात हेच शिकवलंय, की हा विटाळ. जरा हा शब्द बघा. ज्या शब्दानं आपल्या बापजाद्यांना पाणवठ्यावरून हाकललं, त्याच शब्दानं बाईला महिन्यातले चार दिवस कडेला बसवतात. चोखामेळ्याच्या सोयराबाईनं चौदाव्या शतकात या विटाळाला अभंगातून सवाल केला. आणि आपण? मोर्चात विटाळ मोडून येतो आणि घरी बहिणीला म्हणतो, माठाला शिवू नको. हे कसं चालंल?

पण आज मला विटाळापेक्षा दुखण्यावर जास्त बोलायचंय. कारण विटाळावर निदान भाषणं होतात. दुखण्यावर कुणी बोलत नाही. बाईच्या जातीला सोसावंच लागतं, एवढ्यावर विषय संपतो.

आधी माझ्या आईचं सांगते. आई पाथर्डीकडची. भिंगारला येण्याआधी दहा हंगाम कोयत्यावर गेली. शहरातल्या पोरांना ठाऊक नसंल म्हणून सांगते, नवरा आणि बायको मिळून एक कोयता. मुकादम उचल देतो ती या जोडीला. मग पाच-सहा महिने उसाच्या फडात. पहाटे उठायचं, ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन गाडी भरायची. एक दिवस कोपीत पडून राहिलं की खाडा. खाड्याचे पैसे अंगावर चढतात. अलीकडं बाया एका दिवसाला पाचशे रुपये दंड सांगतात. दिवसभर राबून जेवढं मिळत नाही तेवढा दंड!

आता सांगा, अशा ठिकाणी बाईनं पाळीत काय करावं? कोपीला आडोसा नाही. पाणी लांब. कापड धुवायला आणि वाळवायला जागा नाही. आई किराणा दुकानातून सुट्टी गोळी आणायची. कागदात बांधलेली, नाव नाही गाव नाही. दुकानदाराला 'पाळीची दे' म्हणायची सोय नव्हती, म्हणून 'अंगदुखीची दे' म्हणायची. उपाशीपोटी काळ्या चहाबरोबर गिळायची आणि फडात उतरायची. मला तेव्हा वाटायचं आईला गोळीनं बरं वाटतं. आता कळतं, बरं मुकादमाला वाटत होतं. त्याचा कोयता बंद पडत नव्हता.

पस्तिसाव्या वर्षी आईची पिशवी काढली. कुणी काढली ते सांगत बसत नाही. 'पिशवी खराब झालीय, पुढं कॅन्सर होईल' एवढंच तिला सांगितलं. ऑपरेशनला पैसे मुकादमानंच दिले, उचलीत लिहून. पिशवी गेली, कर्ज राहिलं. पुढच्या हंगामाला आई पुन्हा फडात. कंबर मात्र कायमची गेली.

आई एकटी असती तर मी इथं उभी राहिले नसते. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली ही गोष्ट उघड्यावर आली. विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली. ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली. त्यात १३,८६१ बायांची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे जवळजवळ दर सहा बायांत एक. देशभरच्या २०१५-१६ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायांत हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होतं. मग बीडच्याच बायांची पिशवी एवढी कशी सडते? पिशवी सडत नाही मित्रांनो. पाळी नको, खाडा नको, म्हणून ती काढली जाते. यातल्या कितीतरी बाया दलित, भटक्या, वंजारी, भूमिहीन. साखर खाताना हे आठवत जा.

कुणी म्हणंल, हे उघड्या रानातलं झालं. कारखान्यात छप्पर असतं, हजेरीपट असतो, तिथं असं नसंल. तर तमिळनाडूचं ऐका. तिथल्या कापड शिवणाऱ्या गिरण्यांमधल्या सुमारे शंभर बायांशी थॉमसन रॉयटर्स फाउंडेशनच्या पत्रकारांनी बोलून २०१९ साली वृत्तांत छापला. पाळीत दुखतंय म्हटलं की सुपरवायझर गोळी हातावर ठेवायचा. पाकीट नाही, नाव नाही, तारीख नाही. रजा देण्यापेक्षा गोळी स्वस्त.

हे वाचलं तेव्हा मी हसले. कारण तोपर्यंत माझंही तेच झालेलं होतं.

मी दहावी झाले आणि नगरच्या एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत लागले. नाव घेत नाही. आठ तास उभं राहून पॅकिंग. लघवीला दोनदा जायची मुभा. मला चौदाव्या वर्षापासून पाळीत मरणाचं दुखायचं. उलट्या व्हायच्या, पाय गोळा व्हायचे, डोळ्यापुढं अंधारी यायची. एका डॉक्टरला दाखवलं तर तो म्हणाला, "लग्न झालं की थांबेल." लग्न झालं. थांबलं नाही. दुसरा म्हणाला, "एक मूल होऊ द्या." मूल झालं. तरी थांबलं नाही. बाईच्या दुखण्यावर या लोकांकडं एकच औषध, नवरा!

कंपनीत साध्या गोळ्यांचा डबा असायचा. दोन वर्षं त्या घेतल्या. मग त्यानं भागेना. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्यानं एक कॅप्सूल दिली. म्हणाला, "ही घ्या ताई, कडक आहे." घेतली. अर्ध्या तासात कळ गेली. नुसती कळ नाही, सगळंच गेलं. सुपरवायझरची कटकट गेली, घरभाड्याची काळजी गेली, अंगावर कुणी ऊबदार गोधडी टाकावी तसं झालं. खोटं कशाला बोलू? आयुष्यात पहिल्यांदा मला कुठंच दुखत नव्हतं.

पहिल्यांदा महिन्यातले दोन दिवस. मग पाळीच्या आधीचे दोन दिवस. मग कंबर दुखते म्हणून. मग झोप येत नाही म्हणून. एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या चार. पाळी संपली तरी गोळी संपेना. मी स्वतःला सांगायची, मी काय गर्दुल्ली आहे का? मी तर कामावर जाते, पोराला डबा करून देते. दारुड्यासारखी गटारात कुठं पडते?

मग २०१८ साल आलं. त्या कॅप्सूलमध्ये ट्रामाडॉल नावाचं औषध होतं. अफूच्याच घराण्यातलं. एप्रिल २०१८ मध्ये सरकारनं ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणलं. मेडिकलवाला घाबरला. आधी दुप्पट पैसे मागितले, मग हात वर केले. तिसऱ्या दिवशी मी बसमध्ये घामानं भिजले. नाक गळतंय, जुलाब होतायत, हातपाय ओढल्यासारखे, जिवाची नुसती तगमग. मला वाटलं डेंगी. डेंगी नव्हता. शरीर गोळी मागत होतं.

मी कुठून कुठून शोधून गोळ्या आणल्या आणि तांदळाच्या डब्यात लपवल्या. त्या धाकट्या भावाला सापडल्या. हा भाऊ चळवळीतला. वस्तीत दारूवर, नशेवर बोलतो. पाकिटं हातात धरून तो एवढंच म्हणाला, "ताई, तू पण?" मी काही बोलले नाही. डबा लावला आणि भाकरी थापायला बसले. हात थरथरत होते. एक भाकरी धड होत नव्हती.

पण दुसऱ्या दिवशी तोच माझ्याबरोबर सरकारी दवाखान्यात आला. केसपेपर काढला. बायकांच्या ओपीडीच्या ओळीत चाळीस बायांमध्ये एकटा गडी, मान खाली घालून उभा. आतल्या मॅडमनी पाकीट मागितलं, उलटंसुलटं वाचलं. मला वाटलं आता शिव्या बसणार. त्या म्हणाल्या, "तुमचं दुखणं खरं आहे आणि सवयही खरी आहे. दोन्ही आजार आहेत. दोन्हींवर उपचार करू." वीस वर्षांत मला कुणी म्हटलं नव्हतं की तुझं दुखणं खरं आहे. मी तिथंच रडले.

आता मला जे कळलं ते तुम्हाला सांगते. हे ज्ञान आपल्यापासून लांब ठेवलेलं आहे म्हणून नीट ऐका.

गर्भाशय म्हणजे स्नायूची पिशवी. पाळीच्या वेळी तिच्या आतलं अस्तर सुटतं. त्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं बाहेर पडतात. त्यांनी स्नायू आवळतो, तिथलं रक्त कमी होतं, आणि कळ उठते. ज्या बाईत ही रसायनं जास्त तिला कळ जास्त. म्हणजे हे मनाचे खेळ नाहीत, नाटक नाही, कामचुकारपणा तर नाहीच. या रसायनांवरच्या संशोधनाला १९८२ साली नोबेल मिळालंय. एवढं मोठं नोबेल मिळालं तरी आमचा सुपरवायझर म्हणतो, 'नाटकं करती.'

गोळ्यांची घराणी दोन. पहिलं घराणं आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक ॲसिड, नेप्रॉक्सेन यांचं. ही गोळी त्या प्रोस्टाग्लँडिनचं बननंच कमी करते, म्हणजे कळेच्या मुळावर जाते. म्हणून ती कळ टोकाला जाण्याआधी, सुरुवातीलाच घ्यायची असते. पोटात काहीतरी टाकून घ्यायची. डॉक्टरनं सांगितलेल्या मापात, पहिले दोन-तीन दिवस. हिचं अफूसारखं व्यसन लागत नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण आपल्या घरोघर पोरींना 'गोळीची सवय लागंल' म्हणून लोळत ठेवतात. दोन दिवस योग्य गोळी घेणारी पोरगी व्यसनी नसते.

पण ही गोळी म्हणजे साखरफुटाणाही नाही. उपाशीपोटी रोज घेतली तर जठराला जखम होते. उन्हात, पाणी न पिता, घाम गाळत घेतली तर मूत्रपिंडाला मार बसतो. आता माझ्या आईचा फड आठवा. उपाशी पोट, ऊन, पाणी नाही, सुट्टी गोळी. जिथं ही गोळी घेऊ नये तिथंच ती सगळ्यात जास्त खपते. दम्याच्या, अल्सरच्या, किडनीच्या बाईनं आणि गरोदर बाईनं डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नये. मेफेनॅमिक ॲसिडबद्दल नोव्हेंबर २०२३ मध्ये भारतीय औषधकोश आयोगानंही सावध केलंय. गोळीनंतर अंगावर पुरळ, ताप, गाठी आल्या तर ती बंद करून दवाखाना गाठायचा.

दुसरं घराणं अफूचं. ट्रामाडॉल, कोडीन यांचं. ही गोळी मेंदूला सांगते की दुखत नाहीये. मूळ तसंच राहतं. ऑपरेशननंतर, कॅन्सरमध्ये अशा औषधांची गरज असते, तिथं ती माणसाला वाचवतात. पण दर महिन्याच्या कळेवर मेडिकलवाल्याच्या हातची ही गोळी म्हणजे सापळा. शरीर सरावतं, मग तेवढ्यानं भागत नाही. पुढं पुढं तर दुखणंच जास्त जाणवायला लागतं. जास्त झाली तर झटके येतात. दारूबरोबर किंवा झोपेच्या गोळीबरोबर घेतली तर श्वास थांबतो.

मग ओळखायचं कसं? सुट्टी गोळी घ्यायचीच नाही. पाकीट मागायचं, नाव वाचायचं. अमली पदार्थांच्या कायद्यातल्या औषधाच्या पाकिटावर डाव्या कोपऱ्यात लाल रंगात इंग्रजीत एन-आर-एक्स अशी अक्षरं असतात. ती दिसली तर चिठ्ठीशिवाय हात लावायचा नाही. आणि स्वतःला चार प्रश्न विचारायचे. पाळी नसताना घेते का? माप वाढत चाललंय का? लपवते का? नाही मिळाली तर घाम, जुलाब, तगमग होते का? चारांतल्या एकालाही 'हो' उत्तर आलं तर घाबरू नका, पण थांबूही नका. एका झटक्यात बंदही करू नका. डॉक्टरच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करतात. मला अडीच महिने लागले. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण आहे, तिथं बायांसाठी निशिगंध नावाचा वेगळा विभाग आहे. नशामुक्तीसाठी १४४४६ हा सरकारी फोन आहे. व्यसनी बाईला दार बंद आणि व्यसनी गड्याला सहानुभूती, हा आपल्या वस्तीतला न्याय आधी बदलायला पाहिजे.

आणि माझ्या कळेचं मूळ? एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर पिशवीच्या बाहेर वाढतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते, पाळी येण्याच्या वयातल्या सुमारे दहा टक्के बायांना हा आजार असतो. म्हणजे या सभेत दोघी-तिघी तरी असणारच. साध्या गोळीनं न थांबणारी कळ, पाळी नसतानाही दुखणं, संडासला किंवा संबंधाच्या वेळी दुखणं, तासातासाला पॅड भिजणं, यातलं काही असंल तर तपासणी मागून घ्या. उपचार आहेत. मी हार्मोनची गोळी घेते, पहिले दोन दिवस पहिल्या घराण्यातली गोळी घेते, पोटाला गरम पाण्याची पिशवी लावते. दुखणं संपलं नाही, पण माझ्या काबूत आहे. आई अजून म्हणते, "पिशवी काढ, मोकळी हो." मी तिच्या कंबरेला तेल लावते आणि म्हणते, "तू कुठं मोकळी झालीस गं?"

कुणी म्हणंल, चळवळीत हे बायकी विषय कशाला? तर चळवळीचा इतिहास काढा. १८५५ साली जोतिबांच्या शाळेतल्या चौदा वर्षांच्या मुक्ता साळवेनं निबंध लिहिला. आमच्या बाया बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्परसुद्धा नसतं, हे तिनं त्यात मांडलं. तो छापला ज्ञानोदयानं, जे १८४२ साली आपल्या नगरातच सुरू झालं होतं. बाबासाहेब १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या भरपगारी रजेच्या बाजूनं उभे राहिले. १० नोव्हेंबर १९३८ ला संततिनियमनाच्या ठरावावरचं बाबासाहेबांचं भाषण विधिमंडळात वाचून दाखवलं ते पी. जे. रोहम यांनी. स्वतंत्र मजूर पक्षाचे, आपल्या नगरचेच आमदार. एक पुरुष, भर विधिमंडळात, बाईच्या वेणांबद्दल बोलत होता. ठराव पडला. पण रोहमसाहेबांनी मान खाली घातली नाही. आणि आपला पोरगा फळ्यावर एक शब्द लिहीना!

बिहारमध्ये १९९२ पासून सरकारी नोकरीतल्या बायांना महिन्याला दोन दिवसांची विशेष रजा आहे. चांगलंय. पण फडातल्या बाईला कुठलं आलंय हजेरीपत्रक? तिच्यासाठी रजेचा अर्थ एकच, पाळीच्या दिवसाला खाडा नाही. ही मागणी आपण घेतली पाहिजे. हंगामाच्या आधी मुकादम वस्तीवर येतो, तेव्हाच. फडावर पाणी, संडास, आडोसा हवा. पिशवी काढायला सांगितली तर दुसऱ्या सरकारी डॉक्टरचं मत घेतल्याशिवाय अंगठा द्यायचा नाही, हे वस्तीवस्तीत सांगायला हवं. कंपनीत सुपरवायझरच्या डब्यातली बिननावाची गोळी घ्यायची नाही. बसायला स्टूल मागायचं, अर्ध्या दिवसाची सुट्टी मागायची, आणि एकटीनं मागायची नाही, दहा जणींनी मिळून मागायची.

शेवटचं एक. कुणी तुमच्यापुढं गोळी धरली की विचारा, ही कुणाच्या दुखण्यावर आहे? माझ्या, की त्याच्या खाड्याच्या? माझ्या दुखण्यावर असंल तर हक्कानं घ्या, शरम नको. त्याच्या खाड्यावर असंल तर त्याच्याच हातावर परत ठेवा.

आता प्रश्न विचारा. आधी पोरांनी. आणि तो खडू उचल रे, विषय लिही.

जयभीम.